शक्ती संपण्याआधी थांबणे : क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये पेसिंगची सुरुवात

डेंग्यू, कोविड किंवा घरात सगळ्यांनाच येऊन गेलेला एखादा साधा ताप ओसरतो, रक्ताचे रिपोर्ट पूर्ववत होतात, बाकीची माणसे कामाला लागतात आणि एकाच व्यक्तीला मात्र महिनोन्महिने पूर्वीचे जगणे परत मिळत नाही. थोडे बरे वाटले की ती व्यक्ती साठलेली कामे दोन दिवसांत उरकते आणि पुढचे चार दिवस अंथरुणावर काढते. पुन्हा उठते, पुन्हा कामे उरकते आणि पुन्हा पडते. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, संक्षेपाने एमई/सीएफएस, या आजाराच्या अनेक रुग्णांची सुरुवातीची वर्षे अशा चढउतारांत जातात. हे चक्र मोडण्यासाठी आज जे काही हाती आहे त्यात पेसिंग सर्वांत भरवशाचे आहे, असे माझे मत आहे. शरीराला निभेल तेवढेच श्रम करणे, ते तुकड्यांत करणे आणि थकवा जाणवण्याच्या आधी थांबणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पण आयुष्यभर ‘होईल तेवढे करून टाकू’ या वळणावर वाढलेल्या माणसाला तो आचरणात आणणे फार जड जाते. म्हणून निदान नुकतेच झालेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही पद्धत येथे टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

पेसिंगने आजार बरा होत नाही. आजार मुळापासून घालवणारे औषधही आज उपलब्ध नाही. पेसिंगमुळे कोसळण्याचे प्रसंग कमी होतात, दिवस अंदाज करता येण्याजोगे होतात आणि काही रुग्णांमध्ये काळाच्या ओघात थोडी सुधारणा होण्यास वाव मिळतो. अपेक्षा एवढीच ठेवून सुरुवात केली, तर दुसऱ्याच महिन्यात निराश होऊन ते सोडून देण्याची वेळ येत नाही.

आधी निदान पक्के करावे

सततचा थकवा हे असंख्य आजारांचे लक्षण आहे आणि त्यांपैकी बरेच आजार औषधाने बरे होतात. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, क्षयरोग, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे आजार, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आणि नैराश्य या शक्यता डॉक्टरांनी तपासल्याशिवाय स्वतःच्या मनाने एमई/सीएफएस ठरवू नये. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सांधे सुजत आणि दुखत असतील, तर तो सांध्यांच्या दाहाचा प्रश्न असू शकतो व त्याची उपचाराची वाट वेगळी आहे. दुसरीकडे, संसर्गानंतर हा आजार जडणे ही कल्पित गोष्ट नाही, हेही घरच्यांनी समजून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील डब्बो या भागात ग्रंथिज्वर, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणूचा संसर्ग झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के रुग्ण थकवा, वेदना आणि विस्मरण यांनी बेजार असल्याचे आढळले. हा त्रास त्यांच्या मानसिक घडणीपेक्षा मूळ संसर्गाच्या तीव्रतेशी अधिक निगडित होता. रॉस रिव्हर विषाणू हा चिकुनगुन्याच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे, त्यामुळे हे निरीक्षण आपल्याकडेही लक्षात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली सुचवलेले निकष आज बऱ्याच ठिकाणी वापरले जातात. त्यानुसार सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीच्या तुलनेत कामाची क्षमता बरीच घटलेली असावी, त्यासोबत विश्रांतीनेही फारसा न हटणारा थकवा असावा, श्रमानंतर सर्व लक्षणे वाढावीत आणि झोप घेऊनही ताजेतवाने वाटू नये. शिवाय विचारशक्तीतील मंदपणा किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, या दोहोंपैकी निदान एक गोष्ट असावी. यातला श्रमानंतर लक्षणे वाढण्याचा मुद्दा पेसिंगचा पाया आहे. ज्याला ही घसरण होत नाही, त्याला पेसिंगची गरज नाही. उलट साध्या अशक्तपणात किंवा नैराश्यात हळूहळू वाढवलेला व्यायाम हितकारक ठरतो. म्हणून हा फरक डॉक्टरांसमोर स्पष्ट शब्दांत मांडावा. ‘मला थकवा येतो’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘अर्धा तास बाजारात गेलो, त्या दिवशी ठीक होतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून तीन दिवस उठता आले नाही’ असे सांगितल्यास डॉक्टरांना आजाराचे स्वरूप नेमके कळते.

‘थोडा व्यायाम वाढवा’ या सल्ल्याविषयी

हा सल्ला बहुतेक रुग्णांना मिळतोच, आणि देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत सौम्य आणि मध्यम रुग्णांसाठी सुचवली होती, आणि २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पेस नावाच्या चाचणीने तिला बळ दिले. पुढे त्या चाचणीच्या निकालांच्या मांडणीवर गंभीर आक्षेप घेतले गेले, व्यायामाने प्रकृती खालावल्याचे अनुभव असंख्य रुग्णांनी नोंदवले आणि पुराव्यांची नव्याने छाननी केल्यावर नाइसने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात शरीर केवळ सरावाअभावी कमकुवत झाले आहे असे गृहीत धरून ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवण्याचा कार्यक्रम एमई/सीएफएसच्या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे आणि त्याऐवजी शक्तीच्या नियोजनावर भर दिला आहे. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा मानसोपचार, हा आजारावरचा इलाज नाही, मात्र आजारासोबत जगताना ज्याला हवा असेल त्याला तो आधार म्हणून देता येईल, अशीही भूमिका तीत आहे. आपल्या डॉक्टरांना ही माहिती नसेल, तर मार्गदर्शिकेतला संबंधित भाग छापून नेऊन नम्रपणे दाखवावा. वाद घालण्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो.

शरीरात नेमके काय बिघडते याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, पण लागोपाठ दोन दिवस सायकलवर घेतल्या जाणाऱ्या हृदय-फुप्फुस चाचणीत एक गोष्ट दिसून आली आहे. निरोगी पण व्यायामाची सवय नसलेली माणसे दुसऱ्या दिवशीही साधारण पहिल्या दिवसाइतकीच कामगिरी करतात. एमई/सीएफएसच्या बऱ्याच रुग्णांची कामगिरी मात्र दुसऱ्या दिवशी घसरते आणि ऑक्सिजनवर चालणारी ऊर्जानिर्मिती अपुरी पडू लागण्याची मर्यादा आदल्या दिवसापेक्षा कमी श्रमांतच येऊन ठेपते. ही चाचणी स्वतःच रुग्णाला कोसळवू शकते, त्यामुळे केवळ पुराव्यासाठी ती करून घेण्याचा आग्रह धरू नये.

पहिली पायरी : घसरण ओळखायला शिकणे

श्रमानंतरची घसरण बहुधा लगेच येत नाही. काही तासांनी, अनेकदा १२ ते ४८ तासांनी ती सुरू होते आणि काही दिवस, कधी काही आठवडेही टिकते. त्यामुळे आज सकाळी आलेल्या त्रासाचे कारण आज सकाळी शोधून सापडत नाही, ते काल किंवा परवा दडलेले असते. घसरणीचे रूप प्रत्येकाचे वेगळे असते: कोणाला तापासारखी कणकण येते आणि घसा दुखतो, कोणाच्या स्नायूंत शिसे भरल्यासारखे होते, कोणाला प्रकाश आणि मिक्सरचा आवाज सहन होत नाही, कोणाला अतिशय थकूनही रात्रभर झोप लागत नाही, तर कोणाला समोर लिहिलेल्या वाक्याचा अर्थ लागत नाही. आपल्या बाबतीत सर्वांत आधी कोणते लक्षण डोके वर काढते, हे हेरून ठेवावे. पुढे तेच लक्षण थांबण्याचा इशारा म्हणून उपयोगी पडते.

श्रम म्हणजे केवळ शारीरिक श्रम, असा समज सोडावा लागतो. बँकेचा फॉर्म भरणे, ऑनलाइन मीटिंग, मुलाचा गणिताचा अभ्यास घेणे हे बौद्धिक श्रम आहेत. भांडण, आनंदाची बातमी, रुग्णालयातली प्रतीक्षा हे भावनिक श्रम आहेत. लग्नाच्या हॉलमधला बँड, दुकानातले झगझगीत दिवे, एकाच वेळी बोलणारी पाच माणसे हे ज्ञानेंद्रियांवरचे श्रम आहेत. सगळ्यांचा खर्च एकाच साठ्यातून होतो. दिवसभर आडवे पडून फोनवर तीन तास बोलल्यानंतर ‘मी तर काहीच केले नाही, तरी का पडले?’ असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर येथे आहे.

दुसरी पायरी : दोन आठवड्यांची नोंदवही

साधी शालेय वही पुरेशी आहे. दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार भाग करून प्रत्येक भागात काय केले, किती वेळ केले, उभ्याने केले की बसून, आणि त्रास शून्य ते दहा यांपैकी किती होता, एवढेच दोन ओळींत लिहावे. झोप, पाळीचे दिवस, उकाडा, जागरण आणि चुकलेले जेवण यांची खूण करावी. लिहिणेही जमत नसेल, तर घरच्या कोणीतरी विचारून लिहावे किंवा मोबाइलवर बोलून नोंद ठेवावी. नोंद ठेवण्यातच शक्ती जात असेल तर ती आणखी आटोपशीर करावी, कारण येथे सुबक तक्त्यांपेक्षा सातत्य मोलाचे आहे.

वही कशी वाचायची, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाई आजारामुळे रजेवर आहेत. रविवारी त्यांनी न्हाऊन केस वाळवले, सोमवारी शाळेत रजेचा अर्ज द्यायला गेल्या, तिथे पाऊण तास सहकाऱ्यांशी बोलल्या, परतताना दोन मजले चढल्या आणि रात्री बरे वाटत होते म्हणून आठ पोळ्या केल्या. मंगळवार जेमतेम गेला, बुधवारी पहाटेपासून अंग मोडून आले आणि शुक्रवारपर्यंत त्या फक्त स्वच्छतागृहापुरत्या उठल्या. केवळ बुधवारची नोंद पाहिली तर आजार लहरी वाटेल. तीन दिवस मागे जाऊन पाहिले तर दिसते की नहाणे, प्रवास, गप्पा, जिना आणि पोळ्या यांतली कोणतीही एक गोष्ट कदाचित निभली असती, पण दोन दिवसांत त्या सगळ्या एकावर एक आल्या. दोन आठवड्यांत अशा दोन-तीन साखळ्या सापडल्या, की पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते कळते.

तिसरी पायरी : निभणारी पातळी ठरवणे

सर्वांत अवघड पायरी हीच आहे. वहीतले चांगले दिवस बाजूला ठेवावेत, वाईट दिवसही बाजूला ठेवावेत आणि ज्या दिवसांच्या पाठोपाठ घसरण आली नाही, असे दिवस शोधावेत. त्या दिवसांत जेवढी कामे झाली, तीही पुरती न घेता त्यातली सुमारे दोन-तृतीयांश ते पाऊण भाग एवढीच कामे सुरुवातीची पातळी म्हणून धरावीत. असा एकही दिवस सापडत नसेल, तर पातळी आणखी बरीच खाली आहे असे समजावे. अमेरिकेतील डीपॉल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड जेसन यांनी हाच विचार मांडला आहे: उपलब्ध शक्ती आणि खर्च होणारी शक्ती यांचा मेळ राखणाऱ्या रुग्णांची अवस्था, मर्यादा ओलांडत राहणाऱ्यांपेक्षा बरी राहते. उन्हाळ्यातल्या विहिरीत रात्रभर झिरपून जेवढे पाणी येते तेवढेच सकाळी उपसावे लागते. गाळ लागेपर्यंत उपसून दुसऱ्या दिवशी भरलेली विहीर मागता येत नाही.

ही पातळी मनाला फार खुपते. कालपर्यंत लोकल पकडून नोकरी करणाऱ्या माणसाला ‘दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे बसून काम’ हे वाचून राग येणे आणि रडू येणे स्वाभाविक आहे. तो शोक खरा आहे आणि त्याला वेळ द्यावा. मात्र पातळी ठरवताना पूर्वीच्या माणसाला विचारू नये, वहीला विचारावे.

चौथी पायरी : कामांचे तुकडे आणि खरी विश्रांती

पातळी ठरली की कामे फोडावीत. आपल्या घरांतली बरीच कामे उभ्याने, गरम जागेत आणि एका दमात करण्याची रीत आहे, म्हणून येथे तपशिलात जाणे आवश्यक आहे.

आंघोळ हे पहिले मोठे काम मानावे. कढत पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि नाडी वाढते; त्यात वाकून बादलीतून तांब्याने पाणी घेणे आणि हात डोक्याच्या वर नेणे यांची भर पडते. प्लास्टिकचे भक्कम, न घसरणारे स्टूल न्हाणीघरात ठेवावे, बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवून वाकणे टाळावे, पाणी कोमट घ्यावे आणि अंग पुसण्याऐवजी जाड सुती पंचा किंवा गाऊन गुंडाळून थेट आडवे व्हावे. केस धुण्याचा दिवस वेगळा ठेवावा आणि त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. जमत नसेल तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसणे पुरेसे आहे. रोजची आंघोळ चुकली म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

स्वयंपाकात ओट्याशी उंच स्टूल ठेवावे. भाजी एका वेळी निवडावी, तासाभराने चिरावी, फोडणी तिसऱ्या वेळी द्यावी. निवडणे आणि चिरणे पलंगावर ताट मांडीवर घेऊनही होते. कणीक मळणे आणि लाटणे हे खांदे व दंडांचे सलग श्रम आहेत, म्हणून पोळ्या विकत आणाव्यात, पोळ्या करायला बाई ठेवता येत असतील तर ठेवाव्यात किंवा कुकरमधला एकच पदार्थ, म्हणजे मुगाची खिचडी, वरण-भात किंवा पुलाव, करून भागवावे. हा खर्च चैनीचा वाटू देऊ नये. औषधाच्या खर्चाप्रमाणेच तो धरावा. घरात दुसरे कोणी धडधाकट असेल आणि तरीही पोळ्या आजारी बाईनेच कराव्यात अशी अपेक्षा असेल, तर त्या घराने आपली अपेक्षा बदलायला हवी, हे मी निःसंकोच लिहिते.

प्रत्येक तुकड्यासाठी मोबाइलवर गजर लावावा आणि गजर वाजताच काम अर्धे असले तरी सोडावे. ‘एवढे संपवतेच’ म्हणून घेतलेली शेवटची पाच मिनिटे अनेकदा पुढचे दोन दिवस घेऊन जातात. थकवा जाणवेपर्यंत वाट पाहणे म्हणजे उशीर झालेला असणे, कारण त्रास नंतर येणार असतो. शारीरिक कामानंतर लगेच बौद्धिक काम, मग विश्रांती, असा फेरपालट काहींना मानवतो. काहींना दोन्हींच्या मध्ये विश्रांती लागते. आपल्याला काय मानवते ते वहीतून कळेल.

विश्रांती म्हणजे आडवे होणे, डोळे मिटणे, खोलीत अंधार आणि शांतता ठेवणे. मोबाइल चाळणे, मालिका पाहणे किंवा बातम्या ऐकणे यांत मेंदूचे काम चालूच असते, म्हणून ते करमणुकीच्या खात्यात लिहावे. दहा-पंधरा मिनिटांची अशी विश्रांती दिवसातून ठरलेल्या वेळी, बरे वाटत असतानाही घ्यावी. झोप लागलीच पाहिजे असे नाही. संथ, सहज श्वासाकडे लक्ष देणे, ज्यांना आवडते त्यांनी आडवे राहून नामस्मरण करणे ठीक आहे. मात्र जोरकस कपालभाती, सूर्यनमस्कार किंवा बराच वेळ ताठ बसून केलेले प्राणायाम हे श्रमच आहेत आणि त्यांची नोंद श्रमांत करावी.

चहा-कॉफीच्या जोरावर काम रेटू नये, कारण त्याने इशारा झाकला जातो, खर्च कमी होत नाही. ताकदीसाठी सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. शरीरात पाण्याची कमतरता असल्यास सलाईनने काही तास बरे वाटते, पण त्या बऱ्या वाटण्यावर विसंबून कामे उरकली तर घसरण ठरलेली असते.

पाचवी पायरी : नाडीची मदत घेणे

ज्यांना थांबण्याचा क्षण ओळखता येत नाही, त्यांना नाडीचा आकडा उपयोगी पडतो. कोविडच्या काळात अनेक घरांत ऑक्सिमीटर आले, त्यावर नाडीही दिसते; मनगटी घड्याळ असल्यास अधिक सोयीचे, जरी त्याचा आकडा हालचालीत थोडाफार चुकतो. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून न उठता आठवडाभर नाडी मोजून सरासरी काढावी. अमेरिकेतील वर्कवेल फाउंडेशन ही या आजारावर काम करणारी संस्था या सरासरीत १५ मिळवून येणारा आकडा मर्यादा म्हणून सुचवते. म्हणजे सकाळची सरासरी ७० असेल, तर काम करताना नाडी ८५ च्या वर गेली की बसावे किंवा आडवे व्हावे. अनेकांची नाडी नुसते उभे राहिल्यावरच ही मर्यादा ओलांडते. अशा वेळी घाबरून हालचाल बंद करू नये; कोणते काम किती महाग पडते याचा अंदाज घेण्यापुरता तो आकडा वापरावा. बीटा ब्लॉकर गटातील किंवा नाडीवर परिणाम करणारी इतर औषधे चालू असतील, तर हा हिशेब लागू पडत नाही. आकडा पाहून चिंता वाढत असेल, तर घड्याळ काढून ठेवावे आणि गजरावरच भागवावे.

उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढत असेल, चक्कर येत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. पॉट्स नावाचा विकार या आजारासोबत बऱ्याच जणांना असतो आणि त्यावर उपचार आहेत. पुरेसे पाणी, मीठ वाढवणे आणि दाब देणारे मोजे हे त्यांपैकी काही उपाय. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये.

सण, पाहुणे आणि नोकरी

गणपती, दिवाळी आणि घरचे लग्न टाळता येत नाही, आणि ते पूर्ण टाळावे असेही मी म्हणणार नाही. कार्यक्रमाच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचे तीन-चार दिवस रिकामे ठेवावेत. लग्नात अक्षतांपुरते जावे, जेवणाच्या रांगेत उभे राहू नये, बँडपासून दूर खुर्ची मागावी, परत नेणारे वाहन आधी ठरवावे. हळदीकुंकवाला आलेल्यांनी आत येऊन दहा मिनिटे बसावे व मग घरच्यांनीच त्यांना बाहेरच्या खोलीत न्यावे, ही व्यवस्था आधी बोलून ठेवली तर रुग्णाला ‘आता जरा पडते’ असे पाहुण्यांसमोर म्हणावे लागत नाही. कार्यक्रमात चेहरा प्रसन्न दिसला म्हणून ‘काल तर छान होतीस’ असे दुसऱ्या दिवशी म्हणू नये. त्या प्रसन्नतेची किंमत घरच्यांनाच दिसत असते, पाहुण्यांना ती कधीच दिसत नाही.

उकाड्याचे महिने वेगळे धरावेत. उष्णतेने नाडी वाढते आणि उभे राहणे अधिक जड जाते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पातळी आपणहून खाली आणावी आणि बाहेरची कामे सकाळी लवकर ठेवावीत. कडक उपवासांविषयीही हेच. फळे-दूध घेऊन केलेला उपवास मानवतो का ते पाहावे, निर्जळी उपवास टाळावेत.

नोकरी चालू असल्यास घरून काम, कमी तास, मध्ये आडवे होण्याची जागा आणि गर्दीच्या वेळा टाळून प्रवास यांची लेखी मागणी करावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत एमई/सीएफएसचे नाव नाही, त्यामुळे सवलत बहुधा डॉक्टरांचे पत्र आणि वरिष्ठांची समज यांवर अवलंबून राहते. पत्रात आजाराच्या नावापेक्षा ‘सलग किती वेळ बसता येते, किती दिवसांनी विश्रांती लागते’ असा मजकूर असेल, तर कार्यालयाला त्यानुसार व्यवस्था करणे सोपे जाते.

घसरण झालीच तर

कितीही काळजी घेतली तरी ती कधीतरी होते. त्या दिवसांत सर्व कामे निम्म्याहून खाली आणावीत, खोली अंधारी ठेवावी, पाणी आणि सोपे अन्न हाताशी ठेवावे. थोडे बरे वाटताच राहिलेली कामे उरकण्याची ओढ होते, तीच आवरायची असते. घसरण ओसरल्यानंतरही काही दिवस खालच्याच पातळीवर राहून मग पूर्वीच्या पातळीवर यावे. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, सतत ताप किंवा विनाकारण वजन घटणे ही लक्षणे मात्र ‘नेहमीचाच त्रास’ म्हणून सोडू नयेत. त्यांसाठी डॉक्टरांकडे जावे, आणि पहिली चार अचानक उद्भवली तर विनाविलंब जावे.

वाढ केव्हा करावी

काही आठवडे घसरण न होता गेले, झोप थोडी सुधारली आणि ठरलेली कामे केल्यावर शक्ती शिल्लक आहे असे वाटले, तरच वाढीचा विचार करावा. एका वेळी एकच गोष्ट आणि तीही अगदी थोडी वाढवावी: दहा मिनिटांच्या वाचनाची बारा मिनिटे, किंवा गॅलरीपर्यंतची एक जास्त फेरी. त्यानंतर निदान आठवडाभर थांबून वही पाहावी आणि इशारा दिसताच मागे यावे. दर आठवड्याला दहा टक्के असे वेळापत्रक बांधू नये, कारण शरीर त्या वेळापत्रकाला बांधील नसते. काहींची पातळी वर्षभर तीच राहते. घसरणी कमी झाल्या असतील, तर पातळी न वाढताही पेसिंग उपयोगी ठरत आहे असे समजावे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी

नाइसच्या मार्गदर्शिकेत आजाराचे सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे चार स्तर मानले आहेत. वरील पायऱ्या पहिल्या दोन स्तरांना अधिक लागू पडतात. तीव्र आजारात कूस बदलणे, घास चावणे आणि प्रश्नाचे उत्तर देणे हेही श्रम असतात, त्यामुळे पेसिंगची जबाबदारी सांभाळणाऱ्यावर येते. खोलीत एका वेळी एकानेच जावे, हळू बोलावे, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि त्यासाठी बोटांच्या खुणा ठरवून घ्याव्यात. भांडी, झाडू, मिक्सर यांच्या वेळा ठरवून रुग्णाला आधी सांगाव्यात. औषध, अंग पुसणे आणि चादर बदलणे ही कामे एकापाठोपाठ एक न उरकता मध्ये विश्रांती सोडून करावीत. अंगावर दाबाच्या जखमा होत नाहीत ना, अन्नपाणी पुरेसे जाते ना, वजन घटत नाही ना, याकडे रोज लक्ष द्यावे. गिळणे अवघड होऊ लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांना घरी बोलवावे, कारण अशा रुग्णाला रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि बाह्यरुग्ण विभागातली प्रतीक्षाच अनेकदा झेपत नाही. रुग्णालयात न्यावेच लागले, तर डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, झोपून जाता येईल असे वाहन आणि आजाराची एका पानाची माहिती सोबत ठेवावी, आणि डॉक्टर-परिचारिकांशी बोलण्याचे काम सोबतच्या व्यक्तीने करावे.